यामिनीच्या भारोभार गूळ

रायपूर, ४ जानेवारी २००३

इंदू,

आशीर्वाद आहेतच, पण आधी बसून घे. हे पत्र उभ्यानं वाचलंस तर हसून पडशील.

यंदाच्या दत्तजयंतीला यामिनीची गूळतुला झाली. निरंजनची ही पोर सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी दत्तापुढे बोललो, पोर जगली तर सोळा वर्षांची होईपर्यंत दर दत्तजयंतीला तिच्या भारोभार गूळ वाटीन. पहिल्या वर्षी भेलीभर गुळात काम भागलं. तेव्हा मीच भर देवळात ओरडलो होतो, पुढल्या साली दुप्पट लागू दे रे देवा. देवानं ते असं काही मनावर घेतलं की आता थांबायचं नावच घेत नाही.

यंदा पाच ढेपा चढवल्या तरी पोरीचं पारडं जमिनीवरून हलेना. आपला पुजारी शामराव म्हणाला, "यशवंतराव, आता गोल बाजारातून ठेलाच मागवा लागते." सहावी ढेप ठेवली, पारडं उचललं आणि वरचा बांबू कडकन मोडला. यामिनी पाटासकट खाली आदळली. सगळं देऊळ हसलं. मीही पोटभर हसलो, खोटं का बोलू? पोट्टी मात्र उठेना. ओढणी तोंडावर घेऊन तशीच बसून राहिली. हल्ली लोक दर्शनाला येतात की हिला बघायला, दत्तच जाणे.

पाठ धरली म्हणून दिवाकर डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पाठ ठेवली बाजूला आणि मानेवरचा काळा पट्टा बघत बसले. मीनल रोज बेसन आणि लिंबू लावून सुनेच्या कर्तव्यानं घासते, कातडी सोलून निघाली, मान काळी ती काळीच. डॉक्टर म्हणाले, हा मळ नाही, साखरेची खूण आहे. रक्त काढलं. साखर उंबरठ्यावर उभी आहे म्हणे, अजून आत आलेली नाही. तुझी वहिनी साखरेनंच गेली, तिचा पाय कापला तेव्हा दवाखान्यात तूच होतीस. त्यामुळे मीही जरा चपापलो.

मी औषध विचारलं, तर म्हणाले, "उपास नको, टोमणे नको. चार पोरींबरोबर रोज खेळू द्या, तिला आवडेल तो खेळ." मी विचारलं, किती किलो उतरेल? तर नुसतेच हसले. रायपूर राजधानी झाल्यापासून इथले डॉक्टरही मंत्र्यांसारखं बोलायला लागलेत. तुझं मत कळव.

दादा

*

नागपूर, २० जानेवारी २००३

दादा, नमस्कार.

पत्र वाचलं, हसून डोळ्यांत पाणी आलं. भिशीच्या बायकांना वाचून दाखवलं, त्यांनी पाटाचा भाग पुन्हा वाचायला लावला.

पण हसण्यावारी नेऊ नकोस. मुलीची जात आहे. चार-सहा वर्षांत स्थळं बघशील तेव्हा पोरगी फोटोत मावायला तर हवी! वहिनीचं सोडून दे, ती नशिबानं गेली. ही खाण्यानं जाईल.

डॉक्टर म्हणतो तर खेळू दे, फुकटचा उपाय आहे. मात्र हिशेबात राहा. तू मालधक्क्यावर जन्म काढलास, रेल्वेचा मालबाबू तू, तुला मी काय शिकवणार? दर रविवारी काट्यावर उभी कर. भात बंद, साखर बंद, रात्री अर्धी भाकरी. आणि मीनलला म्हणावं, बेसनानं काय होतंय, पायाची वज्री घे आणि घास. टाचेचा मळ निघतो तर मानेचा का नाही निघणार?

तिला सांग, पातळ झाल्याशिवाय आजीला तोंड दाखवायचं नाही. प्रेमानंच सांग.

इंदू

*

रायपूर, १० ऑगस्ट २००३

इंदू,

सात महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही तरी होईल म्हणून वाट बघत होतो. झालं ते असं झालं की हसावं की रडावं कळत नाही.

पोरीनं खेळ निवडला तो कबड्डी! मी म्हटलं, "काहून व, बॅडमिंटन नाही का?" तर म्हणे, "आजोबा, उसमें अकेले खड़े रहना पड़ता है." मराठी कळतं सगळं, उत्तर हिंदीत. तिच्या शाळेतली सोनिया दीदी रेल्वेच्या मैदानावर संध्याकाळी पोरी जमवते. कप नाही, निवड नाही, येईल तिला घ्यायचं. गुढियारीच्या हमालांच्या पोरी, बीरगावच्या कारखान्यात राबणाऱ्यांच्या पोरी, आणि त्यांच्यात आमची ही.

पहिल्या दिवशी झाडाखाली खुर्ची टाकून बसलो होतो. यामिनी चढाईला निघाली, तीनदा कबड्डी म्हणाली आणि रेषेवरच खोकत बसली. मी टाळ्या वाजवून हसलो. त्या पोरी मात्र हसल्या नाहीत. मंगली नावाची एक काटकुळी, हमालाची पोर, हिला उठवून म्हणाली, "हव दीदी, काली फेर आबे." उद्या परत ये म्हणे! आणि ही दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही. आता पाऊस असला तर खिडकीत उभी राहून आभाळाला शिव्या घालते.

आता तिला कोपऱ्यात उभी करतात. जिचा पाय हिच्या हातात सापडला ती सुटत नाही. जिना चढताना दोनदा थांबायची, आता बडबडत चढते. घोरायची, भिंतीपलीकडे ऐकू यायचं, ते बंद झालं. मानेचा पट्टाही फिकटलाय, मीनल म्हणते वज्रीचा गुण. दिवाकर डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. साखर उंबरठ्यावरून माघारी गेली, रक्तदाब खाली आला. "पेढे वाटा, यशवंतराव," म्हणाले.

पण इंदू, काटा! शालिग्रामच्या धान्याच्या दुकानात दर रविवारी गिऱ्हाइकं बाजूला सारून तिला काट्यावर चढवतो. जानेवारीत काटा होता तिथेच ऑगस्टात आहे. मी डॉक्टरला सरळ विचारलं, सहा महिने नाचून मिळालं काय? म्हणे, "काटा पाहू नका, चरबी जाऊन ताकद आली तर वजन तेवढंच राहतं. आत काय बदललं ते पाहा." मी चाळीस वर्षं माल तोलला. पोत्याच्या आत काय बदललं हे मालबाबू विचारत नाही. काट्यावर चढेल तेच खरं, बाकी सगळ्या गप्पा.

आणि मी मूर्खासारखं देवळात सांगून बसलोय की यंदाची गूळतुला चार ढेपांत आटोपणार. शामरावनं ते आख्ख्या पाऱ्यात, गल्लीगल्लीत सांगितलं. आता दत्तजयंतीला माझं नाक कापलं जाणार. त्याची तिला फिकीर नाही, ती कबड्डी कबड्डी करत घरभर हिंडते.

दादा

*

रायपूर, २ नोव्हेंबर २००३

प्रिय इंदूआजी,

नमस्कार करते. माझ्या मराठीत हिंदी घुसेल, माफ करा. आजोबा म्हणतात माझी चिठ्ठी म्हणजे खिचडी. पण बाबा कोरबाला नोकरीवर असतात, शनिवारी येतात आणि आजोबांसमोर काहीच बोलत नाहीत. आईचं कुणी ऐकत नाही. आजोबा फक्त तुमचं ऐकतात, म्हणून तुम्हाला लिहिते.

आजी, मी खूप खूश आहे. हे आधी कुणाला सांगितलं नाही. मैदानावर मला कुणी मोटी म्हणत नाही. म्हणजे म्हणतात, पण "मोटी, पकड़!" असं ओरडतात आणि मी पकडते. पकडताना आम्ही सगळ्या हात धरून साखळी करतो. मंगली नेहमी माझा हात धरते, म्हणते तेरा हाथ छूटता नहीं. पहिले माझा हात कुणी धरायचंच नाही. शाळेत पंगतीत माझ्या बाजूची जागा रिकामी राहायची. आता मला भूक पण वेगळी लागते. पहिले दुःख झालं की खायची, आता भूक लागली की खाते.

डॉक्टर काका म्हणाले, अशीच खेळत राहिलीस तर तुझ्या आजीची बीमारी तुला होणार नाही. मला त्या आजी आठवतात. त्यांचा पाय पण आठवतो. म्हणून मला खेळ सोडायचा नाही.

आता काम सांगते. दत्तजयंतीच्या दिवशी दुर्गच्या पोरींबरोबर आमची मॅच आहे. दोस्तीची मॅच, नंतर सगळ्या मिळून जेवणार. आमच्यात बरोबर सात पोरी आहेत आणि टीमला सातच लागतात. मी नाही गेले तर टीमच होत नाही. पहिल्यांदा कुणाला माझी जरूरत पडली आहे.

गूळ माझ्याशिवाय पण तोलता येईल ना? माझं रविवारचं वजन सगळ्यांना माहीतच आहे, तेवढा वाटून टाकायचा. मी पारड्यात बसले की लोक ढेपा मोठ्यानं मोजतात. गेल्या वर्षी मी पडले तेव्हा सगळ्यात जोरात आजोबा हसले. मला देवाचा राग नाही. पण आजी, ते तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हाला रडू आलं असतं.

तुम्ही आजोबांना समजावा. ते नाहीच मानले तर मी सोनिया दीदींबरोबर पहाटेच्या गाडीनं दुर्गला जाणार, संध्याकाळी परत येईन. आईला माहीत आहे. हे फक्त तुम्हाला सांगते आहे. आजोबांना सांगू नका, तुम्हाला माझी शपथ.

तुमची,
यामिनी

*

नागपूर, १० नोव्हेंबर २००३

माझी गुणाची यामिनी,

किती गोड लिहिलंस गं! खिचडी असली तरी चविष्ट आहे.

काळजी करू नकोस. तुझं गुपित माझ्या पोटात राहील. दादाला आजच लिहिते. तो माझ्या शब्दाबाहेर नाही. तू निश्चिंत मनानं खेळ आणि आईला त्रास देऊ नकोस.

तुझी इंदूआजी

*

नागपूर, १० नोव्हेंबर २००३

दादा, नमस्कार.

हे वाचल्यावर लगेच भडकू नकोस, पण पोर हातची चालली आहे. दत्तजयंतीच्या दिवशी पहाटे त्या मास्तरणीबरोबर गाडीत बसून दुर्गला पसार व्हायचा बेत आहे. मॅच आहे म्हणे. सुनेला सगळं ठाऊक आहे, तुझ्याच घरात तुझ्याच पाठीमागे! मला शपथ घातली होती, पण असल्या शपथा पाळत बसलं तर पोरी उद्या कुठल्या कुठे जातील.

तिची शपथ मोडली याचं पाप मला नाही, कारण भल्यासाठी मोडली.

मारहाण करू नकोस, नुसतं बंद केलंस तर ती खिडकीतून जाईल. असं कर, की त्या पोरींनाच ही नकोशी होईल. मैदानावर जाऊन एवढंच सांग, आमची मुलगी म्हणते, तुमचे हात धरायची तिला किळस येते. हात धरून साखळी का काय करतात म्हणे. गरिबाची पोर उपाशी राहील पण असलं ऐकून घेणार नाही. मग हिच्यासाठी कुणी दारात येणार नाही आणि तुलाही वाईट व्हावं लागणार नाही.

गुरुचरित्राचा सप्ताह आहेच. सातही दिवस तिला पाण्यावर आणि दुधावर ठेव, देवाचं नाव पुढे कर. काटा हलेल आणि भर देवळात तुझी मान वर राहील. वर्षभराच्या नाचानं झालं नाही ते सात दिवसांत होतं की नाही बघ.

पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस.

इंदू

*

रायपूर, १३ डिसेंबर २००३

इंदू,

मानलं तुला! मालधक्क्यावर माझ्या हाताखाली असतीस तर स्टेशन मास्तर झाली असतीस.

तू सांगितलंस तसंच केलं. मैदानावर गेलो, पोरी गोल करून बसल्या होत्या. यामिनीला मी त्या दिवशी घरीच ठेवलं होतं. सोनियाला म्हटलं, "बुरा मत मानना बेटी, हमारी बच्ची आना नहीं चाहती. कहती है, इन लड़कियों का हाथ पकड़ने में घिन आती है." ती मंगली उभी राहिली. आपले तळवे उलटेपालटे करून बघितले आणि फ्रॉकला पुसले. मला क्षणभर कसंसंच झालं, पण काम झालं होतं.

यामिनी दोन दिवसांनी माझी नजर चुकवून मैदानावर गेली आणि लगेच परत आली. काय झालं विचारलं तर सांगेना. नंतर गेलीच नाही.

सप्ताहात तिला दुधावर ठेवलं. मीनलनं एकदा चोरून पोळी दिली, मी ताट उचलून गाईपुढे ठेवलं. मीनलशी मी तेव्हापासून बोलत नाही. चौथ्या दिवशी पोरगी म्हणाली, "आजोबा, मले चक्कर येऊन राहिली." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मराठीत बोलली! मी म्हटलं, ही सप्ताहाचीच पुण्याई.

आणि दत्तजयंतीला काय सांगू! पाच ढेपा ठेवल्या आणि पारडं उचललं गेलं! टाळ्या पडल्या. शामरावनं माझ्या गळ्यात हार घातला. चार म्हटल्या होत्या, पाच झाल्या, पण सहाच्या खाली आलोच ना? पारड्यातून उतरताना यामिनी कोसळली. बायका म्हणाल्या, अंगात आलं. मी पाणी शिंपडलं.

दिवाकर डॉक्टर रस्त्यात भेटले, म्हणाले, "हे वजन नाही उतरलं यशवंतराव, हे नुसतं पाणी आणि ताकद उतरली. तिला परत खेळायला पाठवा." मी म्हटलं, काट्याला विचारा.

त्या दिवशी दुर्गची मॅच झाली नाही म्हणे. सहाच पोरी होत्या.

दादा

*

नागपूर, १९ डिसेंबर २००४

चि. यामिनी,

अनेक आशीर्वाद. वर्ष झालं, तुझी एक ओळ नाही. दादाही हल्ली तुझ्याविषयी तुटकच लिहितो. इतकं शिकून मोठ्यांना चार अक्षरं लिहायला काय होतं? मी तुझ्यासाठी दादाशी किती भांडले, तुला कल्पना नाही. पण दैवच आड आलं, माझा इलाज चालला नाही.

तू सोळा वर्षांची झालीस. यंदाची गूळतुला शेवटची, ती झाली की नवस फिटला. प्रसादाचा गूळ न विसरता पाठव. देवाचं देणं पुरं झालं की सगळ्यांचंच भलं होतं.

तुझी इंदूआजी

*

रायपूर, ३० डिसेंबर २००४

प्रिय इंदूआजी,

नमस्कार. आता माझ्या मराठीत हिंदी घुसत नाही. वर्षभर घरातच आहे, आजोबांशीच बोलते, त्यामुळे मराठी सुधारली.

गेल्या वर्षी तुमची दोन पत्रं एकाच दिवशी आली होती. आजोबांनी त्यांचं मला बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणाले, बघ, तुझी आजी किती हुशार आहे. माझं मी त्यानंतर वाचलं. त्यात लिहिलं होतं, गुपित माझ्या पोटात राहील. म्हणून मी लिहिलं नाही.

आजोबा मैदानावर काय सांगायला जाणार हे मला आधीच माहीत होतं. तरी मी नंतर तिथे गेले. खरं सांगितलं. मंगली म्हणाली, हो सकता है. पण साखळी करताना तिनं माझा हात धरला नाही, मनगट धरलं. मी परत आले. परवा गोल बाजारात दिसली, लग्न ठरलं आहे तिचं, भांडी घेत होती. मी हाक मारली. तिनं ऐकलं असेल, बाजारात फार गर्दी होती.

शेवटची गूळतुला छान झाली. सात ढेपा लागल्या आणि वर दोन भेल्या. यंदा नवा लोखंडी काटा होता, मोडला नाही. लोक मोजत होते, मीही त्यांच्याबरोबर मोठ्यानं मोजलं. मग कुणी हसलं नाही. आजोबांना ते आवडलं नाही, त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी फक्त मोजत होते. नंतर ते रडले. म्हणाले, ओंजळीत मावत होतीस, तुला जगवण्यासाठी मी हे सगळं केलं. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटतं.

मानेचा पट्टा परत आला आहे. आई आता घासत नाही, नुसता हात फिरवते. जिना पुन्हा दोनदा थांबून चढते. साखर पावसाळ्यात उंबरठा ओलांडून आत आली. दिवाकर डॉक्टर आजोबांना काही बोलले नाहीत, गोळ्या लिहून दिल्या, सकाळी आणि रात्री. मला म्हणाले, अजूनही खेळायला जा. मी विचारलं, कुणाबरोबर? त्यांनी चष्मा पुसला.

तुम्ही मागितला तसा प्रसादाचा गूळ पाठवते आहे. पुडा जरा मोठा आहे. माझ्या भारोभार वाटलेल्या गुळातला एक खडाही मला चालत नाही, तेव्हा आजोबा म्हणाले, वाया नको, तुझा वाटा इंदूलाच पाठव.

खाऊन कळवा, गोड आहे का.

यामिनी